हळदीच्या वाटीतल्या नोटा

मी एक जुना मिसळणाचा डबा आहे. मित्रांनो, माझं झाकण उघडलंत तर आत मोहरी, जिरं, मेथी काही सापडणार नाही. माझ्या सात वाट्यांत आता घडी घातलेल्या नोटा असतात. भांडुपच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर माझी जागा आहे. तिथून मला सगळं दिसतं, फक्त बोलता येत नाही. एका वर्षी या न बोलण्यापायी माझा जीव अगदी टांगणीला लागला होता. तीच गोष्ट तुम्हांला सांगतो.

एका कारखान्यात स्टीलच्या पत्र्यातून मी घडलो. रत्नप्रभाबाईंनी मला भांड्यांच्या दुकानातून घेतलं आणि दुकानदाराने कुरकुरत्या यंत्राने माझ्या झाकणावर त्यांचं नाव कोरलं. त्यांच्या हाताखाली मी खूप वर्षं राबलो. आमटी चांगली झाली की कौतुक त्यांचं व्हायचं, पण मला वाटायचं, त्यातलं थोडं माझंही आहे. त्या गेल्यावर त्यांच्या सुनेने, लताने, काचेच्या बरण्या आणल्या. माझी रवानगी माळ्यावर झाली, मोडक्या पंख्याशेजारी. झाकणावरचं नावसुद्धा धुळीखाली गेलं.

मग एका संध्याकाळी लताने मला खाली काढलं, घासून लख्ख केलं आणि माझ्यात पगाराच्या नोटा ठेवू लागली.

तिचा नवरा अनिरुद्ध लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. तो हसला. "अगं, पैसे मोबाईलमध्ये आहेत ना? हे काय नवीन?"

"मोबाईलमधून गेलेले कळतात का तुला? परवा बूट आले, काल बिर्याणी आली. हातातून नोट गेली की दुखतं. दुखायलाच पाहिजे."

"झकास! म्हणजे आता वाण्याला मेथीचा वास मारणाऱ्या नोटा द्यायच्या."

"त्याला चालतील. बिर्याणीवाल्याला देऊ नकोस म्हणजे झालं."

लताचा नियम सोपा होता. पगार झाला की आधी गरजेच्या वाट्या भरायच्या. एकीत वीज, एकीत किराणा, एकीत शाळा. हळदीच्या वाटीत औषधांचे पैसे, कारण हळद औषधीच असते, असं त्यांच्या सातवीतल्या मुलीने, प्रियंकाने, ठरवलं होतं. मधली वाटी सगळ्यांत शेवटी. उरेल तेच तिच्यात जायचं. आणि एका वाटीतले पैसे दुसरीत टाकायचे नाहीत.

मधली वाटी कशासाठी होती, ते सांगतो. प्रियंकाचे आजोबा, रत्नप्रभाबाईंचे यजमान धोंडिराम, चंद्रपूरकडचे, जंगलाला लागून असलेल्या गावचे. ते लहान असताना शिकारीला अजून बंदी नव्हती. बंदूकवाले पाहुणे मचाणावर बसायचे आणि गावातली माणसं, पोरंसुद्धा, रांग धरून रिकामे डबे वाजवत, ओरडत जनावराला त्यांच्याकडे हाकलायची. याला हाकारा म्हणत. धोंडिरामांनी डबा वाजवला, काटे तुडवले, वाघाचा आवाज ऐकला, पण वाघ कधी पाहिला नाही. समोर फक्त गवत हलायचं. पुढे शिकार बंद झाली, ते मुंबईला आले, आणि वाघ बघायचा राहूनच गेला. आता तिथे जिप्सी नावाच्या उघड्या गाडीतून सफारी असते. "एकदा मला बसून बघायचंय," ते म्हणत, "पळत नाही." पण जाण्यायेण्याची तिकिटं, राहणं, जिप्सी, वाटाड्या, सगळं मिळून खर्च मोठा होता. म्हणून मधली वाटी.

त्यात आजोबांना काचबिंदू झालेला. बाजूचं दिसणं हळूहळू कमी होत होतं. डोळ्यांत रोज थेंब घालायचे आणि बाटली संपली की ते स्वतःच हळदीच्या वाटीतून पैसे घेऊन दुकानात जायचे.

मित्रांनो, एक दिवस घरात कोणी नव्हतं. आजोबांनी माझं झाकण उघडलं, हळदीच्या वाटीतल्या नोटा काढल्या आणि मधल्या वाटीत टाकल्या. दुकानात गेलेच नाहीत. जुनीच बाटली ते पुरवून पुरवून वापरू लागले. रोजचे थेंब एक दिवसाआड झाले, मग त्याहून उशिरा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मला घाम फुटला असता, जर डब्याला फुटत असता! मधली वाटी भरत होती आणि घरातली माणसं खूश होती. अनिरुद्ध म्हणाला, "बघ, आपण बचत करायला शिकलो." मी मात्र बघत होतो. आजोबांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची. ते हसून म्हणायचे, "हात थरथरतो रे जरा." मला ओरडावंसं वाटायचं, हात नाही, डोळे! माझ्या झाकणातून साधा टणत्कारसुद्धा निघत नव्हता.

शेवटी बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीत सफारीला जायचं ठरलं. बुकिंगसाठी लताने मधली वाटी जमिनीवर पालथी केली, आणि तिचा हात थांबला. काही नोटांच्या कडा पिवळ्या होत्या. माझ्या हळदीच्या वाटीच्या दुमडलेल्या काठात अजूनही जुनी हळद आहे. कितीही घासा, ती निघत नाही. त्या वाटीत राहिलेल्या नोटेला ती लागतेच.

लताने नोट आजोबांपुढे धरली. "बाबा, ही औषधाच्या वाटीतली आहे."

आजोबा त्या नोटेची पुन्हा घडी घालू लागले.

"प्रियंका, आजोबांची बाटली आण."

बाटलीवरची तारीख जुनी होती.

"डोळे तसेही जाणारच आहेत गं," आजोबा हळूच म्हणाले. "म्हटलं, त्याआधी एकदा…"

"आणि तिथे जाऊन काय बघणार होतात? काळोख?" लताचा आवाज चिरकला. "वाघ काय भांडुप स्टेशनवर उभा राहणार आहे तुमची वाट बघत?"

दुसऱ्या दिवशी सगळे डॉक्टरकडे गेले. परत आल्यावर जे बोलणं झालं, त्यावरून मला कळलं. जेवढं दिसणं गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. राहिलेलं टिकेल, पण एकही दिवस चुकवायचा नाही. पिवळ्या नोटा पुन्हा हळदीच्या वाटीत आल्या, तपासण्यांसाठी मधल्या वाटीतल्याही काही आल्या, आणि सफारी एक वर्ष पुढे गेली.

ते वर्ष मला फार लांब वाटलं. वाटी वेळेत भरेल का? आणि भरेपर्यंत डोळे टिकतील का? प्रियंका शाळेत जाण्याआधी रोज आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालायची. "वर बघा. हलू नका हं, नाहीतर नाकात घालीन." अनिरुद्धने बिर्याणी सोडली आणि सगळ्यांना तसं वारंवार ऐकवलं. जिप्सी शनिवार-रविवारी महाग पडते, म्हणून मधला वार धरला. तरीही कमी पडलं, तेव्हा लताने आपलं तिकीट काढलंच नाही. "मला ऑफिसात सुट्टी नाही," ती म्हणाली. सुट्टी होती. तिने ती घरीच काढली.

सफारीच्या सकाळी ती माझ्यासमोर ओट्यापाशी उभी होती. जंगलात मोबाईल नेता येत नाही, म्हणजे बाहेर येईपर्यंत काही कळणार नव्हतं. तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मला काहीबाही सुचत होतं. वाघ आलाच नाही तर? आला आणि आजोबांना दिसलाच नाही तर?

फोन वाजला. प्रियंका काहीतरी ओरडत होती. "ते राहू दे," लता म्हणाली, "आजोबांना दे."

"लता," आजोबांचा आवाज आला. "दिसला गं."

"नीट दिसला?"

"समोरच आला, रस्त्यावर. पाठमोरा होता. आरामात चालला होता. कोणी डबे वाजवत नव्हतं गं."

पदर नव्हता, म्हणून लताने ओढणीने डोळे पुसले. मग म्हणाली, "सकाळचं औषध घातलंत का?"

"घातलं. जिप्सीत बसायच्या आधी."

फोन ठेवून तिने पर्समधून एक नोट काढली आणि हळदीच्या वाटीत ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कसली ना कसली मधली वाटी असेल. ती जरूर भरा, तिच्यामुळे घरात आनंद असतो. पण ती अचानक भराभर भरू लागली, तर टाळ्या वाजवण्याआधी शेजारच्या वाटीत डोकावून बघा. कोणीतरी आपलं औषध, आपलं जेवण, आपलं तिकीट गुपचूप तिच्यात टाकत असेल. आम्हां डब्यांना बोलता येत नाही. तुम्हांला येतं. विचारा.

माझी मधली वाटी सध्या रिकामी आहे. काल प्रियंकाने तिच्यात एक नाणं टाकलं. त्यावर चिठ्ठी आहे: 'मम्मीचं तिकीट'.