राखेतले पाऊल

पहाट जावळीच्या रानावर उतरली ती राखाडी, मुकी, गारठलेली. जांभळीच्या पानापानावर दहिवर गोठले होते. हिरड्यांच्या शेंड्यांवर उन्हाची पहिली केशरी रेघ उमटली होती. पण खाली, वाडीच्या अंगणात, अजून निळसर थंडीचेच राज्य होते.

ठकूबाई झोरे रोजच्यासारखी उठली. चुलीतला निखारा तिने फुंकून जागा केला, काळ्या चहाचे आधण ठेवले, म्हशीपुढे वैरण टाकली. मग मूठभर नाचणी घेऊन अंगणात आली, आणि 'ती-ती-ती' करण्यासाठी उघडलेले तोंड तिने तसेच मिटले.

हाक कळपाला असते. एकटीला काय हाक मारायची?

एकटीच उरली होती. घरात, रिकाम्या कणगीच्या तळाशी, काजळपंखी, कोवळी, भेदरलेली एक तलंग. अजून पहिले अंडेही न घातलेली.

ठकूबाईच्या माहेरी लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळ घालतात आणि काखेत कोंबडी देतात. ती काजळपंखी कोंबडी आईने स्वतः तिच्या काखेत दिली होती. पुढे आई वारली. आईचा चेहरा धुक्यातल्या डोंगरासारखा धूसर झाला, आईचा आवाज विरून गेला; पण त्या कोंबडीच्या लेकी, लेकींच्या लेकी, अंगणात माती उकरत राहिल्या. त्यांच्या कलकलाटात माहेर नांदत होते. त्यांच्या पंखांखाली आई उबत होती.

आणि एका रात्रीत रानबोक्याने ते माहेर मोडले.

भूक होती म्हणून नेली असती एखादी, तर ठकूबाईने रानाचा वाटा म्हणून सोडून दिली असती. पण त्याने एक नेली आणि कोपऱ्यात दडलेली ही तलंग सोडून बाकीच्या नुसत्या मारून टाकल्या. सकाळी खुराड्यात काळी पिसे होती, काळ्या पिसांवर काळे रक्त होते, आणि रक्तावर दहिवर गोठले होते.

तो आला कुठून, हे राखेने सांगितले. या वाडीत थंडी पडली की चुलीमागच्या भिंतीचा लिंपा वीतभर खरवडून झरोका पाडतात. भिंतीपलीकडच्या खुराड्यात चुलीची ऊब जावी म्हणून. ठकूबाईनेही तो स्वतःच्या नखांनी पाडला होता. बोका वळचणीतून घरात उतरला, विझल्या चुलीवरून चालला, आणि त्याच झरोक्यातून पलीकडे गेला. मायेने पाडलेली वाट मरण चालून गेले.

जाताना चुलीच्या कडेच्या राखेत त्याचे एक पाऊल उमटले होते. गोल, मऊ, फुलासारखे सुंदर. ठकूबाईने ते पुसले नाही. कोंबड्या डालायचे डालगे तिने त्या पावलावर डालले. रोज सकाळी ते उचलायचे, पाऊल पाहायचे, पुन्हा डालायचे. निखारा राखेखाली जपावा, तसा तिने तो राग डालग्याखाली जपला.

त्या रागानेच, त्याच भिंतीला लागून, नवे खुराडे उभे राहू लागले.

रागाने तिने गुडघाभर चर खणला, जांभ्याचे चिरे त्यात ठासले. खालून उकराल तर नखे तुटतील. रागाने अंजनीचे खांब रोवले. टेकडीवरच्या बंगल्याच्या बांधकामावरून वाळू चाळायची मोडकी जाळी डोक्यावर वाहून आणली. करंगळी न शिरणारी, पोलादी, कर्दनकाळ जाळी. ती तिने कारवीच्या कुडाला बाहेरून जखडली. वर पत्रा, पत्र्यावर धोंडे. दाराला कडी, कडीत खुंटी. पंजाला अंगठा नसतो, हे तिला ठाऊक होते. थंडीने तिची बोटे फाटली, लिंपणातल्या शेणमातीत रक्ताची रेघ मिसळली. तिने ती तशीच सारवली.

तलंग कणगीतून काढून तिने नव्या खुराड्यात सोडली. उरला फक्त झरोका.

दुपारी धाकटा दीर जानू तारेची फासकी घेऊन आला. झरोक्यासमोर उकिडवा बसत म्हणाला, "वैनी, ह्ये भोक बुजवू नगा. त्याला हीच वाट ठावं हाय. हितंच फासकी लावू. मान घातली की आवळलीच."

"आन् त्यो मान कशापायी घालंल?"

"तलंग हाय की आत. कोंबडी कुकारल्याबिगर का यील? मला बघून?"

"तुमास्नी बघून न्हाई, भावजी, पर वासानं पळंल. थंडीचं आंघोळीचं नाव न्हाई."

जानू हसला. ती हसली नाही. "आन् फासकी चुकली तर?"

"चुकली तर एक तलंग गेली. त्याचा जीव पायजे का न्हाई तुमास्नी?"

पाहिजे होता. डोळे मिटले की तिला त्याची आवळलेली मान दिसे, लोंबणारे पाय दिसत, आणि छातीत काहीतरी गोड, काळे, दाट पाझरे. तिने हात पुढे केला.

"द्या हिकडं. म्या लावते."

जानू गेला. ऊन हिरड्यांमागे कलले. हातात तार घेऊन ठकूबाई झरोक्यापुढे बसून राहिली. पलीकडून तलंगेची बारीक कुरकुर येत होती. अगदी तिच्या आईच्या कोंबडीसारखी, जरा घोगरी.

बोक्याला मारायचे, तर त्याच्यासाठी पुन्हा भोक ठेवायचे. आपल्याच हाताने. आणि भोकापलीकडे आईचे शेवटचे पीस.

शिवाय मरण म्हणजे किती? एक हिसका. मग तो सुटला.

तिने फासकीची गाठ सोडली. तार गुडघ्यावर ताणून सरळ केली. जाळीचा उरलेला तुकडा झरोक्यावर बसवला आणि गोधडीला टाके घालावेत तसे त्याच तारेने टाके घातले. जवळजवळ, घट्ट, पुन्हा त्यावरून टाके. अंगठ्याने दाबून पाहिले. हलले नाही. ऊब जाईल. कोंबडीचा वास येईल. कुरकुर येईल. पंजा जाणार नाही.

वळचणीची वाट मात्र तिने मोकळीच ठेवली.

मग तिने डालगे उचलले. त्या गोल, मऊ, फुलासारख्या पावलावर तळहात ठेवला आणि सावकाश फिरवला. पाऊल मिटले. चुलीतली नवी राख तिने ओंजळीने आणली, झरोक्याखाली पसरली, सपाट केली. गुळगुळीत, करडी, कोरी.

ये. रोज ये. ऊब लागेल, वास लागेल, दात लागणार नाही. उपाशी ये, उपाशी जा.

रानावर अंधार उतरला. जाळीतून चुलीची तांबूस ऊब पलीकडे झिरपत होती, पलीकडे एक काजळी पंख फुगत होता, मिटत होता. आणि अलीकडे राख पडून होती, निवांत, नितळ, त्याच्या पावलांची वाट पाहत.