चौथ्या भागातली चिन्हं

उत्तराने आधी आपले सगळे लॅम्डा बदलून म्यू केले, मगच थीटाच्या जागी लॅम्डा बसवायला घेतले. उलट क्रमाने केलं असतं तर दोन्ही एकमेकांत कालवले गेले असते आणि निवडता निवडता दिवस सरला असता. गणिताच्या शोधनिबंधात चिन्हं एकसारखी हवीत, असा मार्तंड सरांचा हुकूम होता. पहिले तीन भाग सरांचे, म्हणून चिन्हंही सरांची. चौथा भाग उत्तराचा. मुख्य सिद्धता त्यातच होती, पण नांदायला आलेल्या सुनेने सासरचंच आडनाव लावायचं असतं.

मानवतच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. हा निबंध नावावर लागला की कायम जागेच्या मुलाखतीला बसता येणार होतं. तेवढ्यासाठी ती दर रविवारी एसटीने परभणीला सरांच्या घरी येई.

"झालं, सर."

सरांनी लॅपटॉप पुढे ओढून सावकाश पानं सरकवली.

"वा! सांधा कुठंच दिसंना. एकाच माणसानं लिहिल्यावाणी वाटायलंय."

ती सुखावली. मग सरांनी पहिलं पान उघडून लेखकांची नावं घातली. आधी स्वतःचं, त्याखाली मुकुलचं. मुकुल त्यांचा मुलगा.

"सर, माझं नाव?"

"आभारात टाकलंय की. मुकुलची पीएचडी अडलीय, तुला माहितीच हाय."

"चौथा भाग माझा आहे."

"कोण म्हणंल तसं? चिन्हं बघ की, सगळी माझी."

स्वतःच्या चिन्हांतली जुनी प्रत उत्तराकडे होती, पण दाखवायची कुणाला? विद्यापीठाच्या समितीवर सर, मुलाखत घेणारेही सरच. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

तेवढ्यात आतून मुकुल आला.

"ताई, बुधवारी मला हे मांडायचंय." त्याने चौथ्या भागावर बोट ठेवलं. "ही ओळ वरच्या ओळीतून निघाली कशी?"

"बाबांना विचार," उत्तरा म्हणाली.

सरांनी पान वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर नेलं.

"तूच सांग गं. तुला शिकवायची सवय हाय."

ती उठून जाऊ शकत होती. पण जाऊन जाणार कुठे? तिने कोरा कागद ओढला आणि सांगायला लागली. दोन ओळी झाल्या असतील, शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सरही ऐकायला बसले होते.