तेवढाच उशीर

बाईंच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती: गाणं कळणारी आणि उरलेली. पहिल्या प्रकारात त्या स्वतः आणि त्यांचा दादा. बाकी सगळी दुनिया दुसऱ्या प्रकारात, आणि त्यात हॉटेलची गिऱ्हाइकं सर्वांत खाली.

हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पियानोवर बसून जॅझ गाण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. शेजारी दादा उभा असायचा, आपल्यापेक्षा उंच, जाड तारांचा डबल बास कवेत घेऊन. दादा ठोका धरायचा आणि बाई त्या ठोक्याच्या मागे रेंगाळत गायच्या. शब्द कधी केसभर उशिरा यायचा, तर कधी इतका उशिरा, की ऐकणाऱ्याला वाटावं, विसरल्या वाटतं! आणि मग तो अलगद येऊन बसायचा. सगळी करामत त्या उशिरात होती. आवाज म्हणाल तर बेताचाच, हे बाई मनातल्या मनात कबूल करायच्या, चारचौघांत नाही.

दादा बोलायला कंजूस. बाईंचं गाणं फारच रंगलं, तर "हं" म्हणायचा. दोन पेले पोटात गेल्यावर माईक हिसकावून गाणारे पाहुणे असत, त्यांना मात्र तो हसून "छान झालं" म्हणायचा. त्यावर भावंडं घरी जाईपर्यंत खिदळत.

मग हॉटेलात नवा मॅनेजर आला. बूट चकचकीत, आणि तेवढीच चमक आपल्या डोक्यातही आहे असा त्याचा समज.

"मॅडम, तुमचं गाणं ऐकून लोक बसून राहतात," तो म्हणाला.

"मग काय पळून जायला हवेत?"

"नाचायला हवेत. नाचले की तहान लागते."

त्याचं म्हणणं असं, की खाली नाचाचा ठोका मशीनवर वाजेल, वर बाईंचा आवाज आणि पियानो. जुनीच गाणी, पण रिमिक्स. "नाहीतर..." एवढं बोलून त्याने पियानोच्या झाकणावर हात ठेवला. बाईंनी तो हात दोन बोटांनी उचलून बाजूला केला आणि विचार करते म्हणाल्या.

रिमिक्स करायला पुढे आला तो दादाचाच मुलगा. पस्तिशीचा घोडा, पण झोपायच्या खोलीच्या भिंतींना स्पंज चिकटवून तिला स्टुडिओ म्हणत होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाईंचा आवाज हिरव्या उंचवट्यांसारखा पसरला होता.

"आत्या, हे बघ, तू सगळीकडे लेट आहेस. मी एकेक शब्द ओढून जागेवर बसवलाय."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "गाढवा, होता तीच त्याची जागा होती!"

"बरं, चिडू नकोस. उशीर हवाय ना? देतो टाकून." त्याने माऊस हलवला. आता प्रत्येक शब्द ठोक्याच्या मागे पडू लागला, एकाच मापाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "हा कारकुनाचा उशीर झाला रे. रोज ठरलेल्या वेळी उशिरा येणारा. याला गाणं म्हणत नाहीत."

तरी पियानो सुटू नये म्हणून बाई मॅनेजरला हो म्हणायला निघाल्या. दादाला हे काही पटलं नाही. "नको जाऊस. वळण लागतं," तो म्हणाला.

"मला? त्या टिनपाट मशीनचं?"

"मी त्यावर वाजवणार नाही. तू तुझं ठरव."

"ठरलंय. त्यांच्या पुढ्यात उष्टं-खरकटं टाकीन आणि अस्सल तुझ्यासाठी राखून ठेवीन. सीझन संपू दे, पहिल्यासारखी गाईन बघ."

सीझन जोरात चालला. हॉल खच्चून भरायचा. हातातला पेला न सांडता फक्त गुडघ्यांनी नाचणारे पुरुष, कोपरं उडवत एकमेकींचे फोटो काढणाऱ्या बायका, आणि ठोका कळल्याच्या थाटात मान हलवणारा मॅनेजर. बाई पियानोवरून हे सगळं बघायच्या आणि मनात एकेकाची सालं काढायच्या. मशीन मात्र कोणासाठी थांबत नव्हतं. जरा रेंगाळलं की पुढची ओळ अंगावर यायची. म्हणून बाई जागच्या जागी गात राहिल्या. तुमची लायकीच एवढी, असं मनात म्हणत. टाळ्या पडायच्या. त्या आवडत नव्हत्या असं नाही, देणाऱ्यांची कीव यायची इतकंच.

सीझन संपल्यावर एका दुपारी बाई दादाच्या खोलीवर गेल्या. खोली लॉण्ड्रीच्या वर होती. जमिनीतून इस्त्रीची ऊब यायची आणि जुना उभा पियानो तिथे कधी धड सुरात राहायचा नाही. दादा बासला टेकून उभा राहिला आणि त्यांचं ठरलेलं, सर्वांत संथ गाणं त्याने सुरू केलं.

बाईंनी पहिली ओळ घेतली. शब्द ठोक्यावर पडला. दुसराही बरोबर ठोक्यावर. त्यांना वाटलं, गळा गरम व्हायचाय. दुसरी ओळ आली, तीही वेळेवर. दादाने आपला ठोका जरा सैल सोडला, बाईंना रेंगाळायला जागा करून दिली. त्या जागेत त्या शिरल्याच नाहीत. 

मग त्यांनी हट्टाने शब्द मागे ओढला. आला उशिरा! पुढचा ओढला, तोही आला. त्याच्या पुढचाही. तेव्हा बाईंना ऐकू आलं, की प्रत्येक शब्द तेवढ्याच उशिराने येतोय, एकाच मापाने. त्यांनी कमी करून पाहिला, जास्त करून पाहिला. मोजून केलेला उशीर मोजल्यासारखाच वाटत होता. आयुष्यभर ज्यांना नाक मुरडलं, त्या सगळ्यांची मिळून वाटली नव्हती एवढी किळस त्यांना स्वतःच्या गळ्याची वाटली. तरी गाणं त्यांनी शेवटपर्यंत नेलं.

दादाने तारांवर पंजा ठेवून त्यांचा घुमारा थांबवला. बाई त्याच्याकडे बघत होत्या. शिव्या घाल, त्या मनात म्हणत होत्या, बास आपट, काहीही कर.

दादा हसला.

"छान झालं," तो म्हणाला, आणि बासवर खोळ चढवू लागला.