ताप राहू द्या

माझे सासरे आयुष्यभर एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी चष्म्याचं दुकान आलं, तरी गल्लीत त्यांना अजून सगळे कंपाउंडरच म्हणतात. आम्ही घरचे म्हणतो अण्णा. घरात कुणी नुसतं शिंकलं, तरी अण्णांचा हात सदऱ्याच्या खिशात जायचा. खिशात गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या असायच्या, रबर लावून ठेवलेल्या. "आमच्या घरात ताप तिसरा दिवस बघत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मी लग्नाच्या बोलण्यात ऐकलं, आमची ठमी जन्मली तेव्हा ऐकलं, आणि मधल्या काळात तर कान किटेपर्यंत ऐकलं.

मी लिफ्टचा मिस्त्री. स्वभावाने तिरसट आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. आमची ही मात्र हसरी होती. ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. मी तिथेच शिकायला गेलो आणि पहिल्याच दिवशी तिनं मला झापलं. "मिस्त्री, तुमची लिफ्ट वर-खाली जाते, ही पुढे जाते. समोर बघा!" शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. ती सवय इतकी अंगवळणी पडली होती, की लग्नानंतर मी आमची स्वतःची गाडी चालवताना ही शेजारी बसून उजव्या पायाने रिकामी जागा दाबायची. मी चिडायचो. मास्तरीणबाई, तिथे काही नाही, म्हणायचो. "असू दे, माझं समाधान," असं तिचं उत्तर.

हिच्या हृदयाची एक झडप जन्मापासून अधू होती. तीन पाकळ्यांच्या जागी दोनच. त्याने तिचं कधी काही अडलं नाही, पण अण्णांना त्याची धास्ती कायमची बसली. सासूबाई लवकर गेल्या, पोरगी यांनीच वाढवली. हिला ताप आला, की अण्णांचा चेहरा पांढराफटक पडायचा आणि तो उतरेपर्यंत ते जेवायचे नाहीत. ते आमच्याकडेच राहायला होते, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी बघत आलो होतो.

त्या वर्षी हिची दाढ ठणकत होती. सुट्ट्यांमध्ये गाडी शिकणाऱ्यांची गर्दी, म्हणून हिनं ते दुखणं अंगावर काढलं. मग संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला. अण्णा गोळी द्यायचे, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा कणकण. पुन्हा गोळी. मला त्या तापाच्या साध्या गोळ्या वाटायच्या. हिचे गाल बसले, सीटबेल्ट ढगळ व्हायला लागला. "बघ, फुकटात बारीक झाले," म्हणून माझ्यासमोर मिरवली. पण एक दिवस स्टिअरिंग धरताना बोटांची टोकं दुखतात म्हणाली. मी तिचा हात उजेडात धरला. नखांखाली काळपट बारीक रेघा होत्या, लाकडाची कुसळं शिरल्यासारख्या. मी त्याच पावली तिला इस्पितळात नेलं.

तिथली हृदयाची डॉक्टरीण वयानं लहान होती, पण कामाला पक्की. तिनं नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग छातीला नळी लावून बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिली. सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवून तिनं आम्हाला पडदा दाखवला. झडप उघडत होती, मिटत होती, आणि तिच्या कडेला काहीतरी लोंबकळत होतं.

"झडपेवर जंतूंनी घर केलंय," ती म्हणाली. "बहुतेक दाढेतून रक्तात गेले असतील. आता रक्त घेऊन बाटल्यांमध्ये ते जंतू वाढवून बघायचे. कुठला जंतू आहे ते कळलं, की नेमकं औषध शिरेतून देता येतं. पण आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं असेल, तर बाटलीत काही उगवत नाही. काही घेतलंय का?"

"नाही," ही चटकन म्हणाली.

रक्त घेतलं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शिरांतून. आम्ही बाटल्यांच्या निकालाची वाट बघत बसलो. प्रयोगशाळेकडून रोज तेच उत्तर यायचं, काही वाढलेलं नाही. डॉक्टरीण वैतागली, पण हिची तब्येत टिकून होती. म्हणून ती म्हणाली, "आणखी थोडं थांबू, पुन्हा रक्त घेऊ. तोवर ताप आला तर येऊ द्या. घाबरून काही देऊ नका. ताप राहू द्या."

मला ते बरोबर पटलं. काही लिफ्ट अशा असतात, की मिस्त्री आला की शहाण्यासारख्या चालतात आणि त्याची पाठ वळली की अडकतात. अशा वेळी काही हलवायचं नाही, बिघाड पुन्हा दिसेपर्यंत जिन्यात बसून राहायचं. मी अण्णांनाही हे समजावून सांगितलं. ते मान हलवत होते. कंपाउंडरला हे मी शिकवावं का, असं मला वाटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम लवकर आटोपलं, म्हणून मी भेटीच्या वेळेला पोचलो. हिच्या पलंगाभोवतीचा पडदा अर्धा ओढलेला होता. आत अण्णा उभे होते. एका हातानं त्यांनी तिची मान वर धरली होती, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. ती गोळी गिळत होती. पलंगावर ती पट्टी, रबरासकट.

माझा तोल गेला. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. कसली गोळी आहे ही, अण्णा? कसली? ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "अँटिबायोटिक. नेहमीचीच. हुडहुडी भरली होती तिला."

"नेहमीची?" मी ओरडलो. "म्हणजे घरी देत होता ती हीच? तुम्हाला काही अक्कल? ती बाई तिकडे जंतू शोधतेय आणि तुम्ही इथे..."

"त्यांच्यावर ओरडू नकोस," ही म्हणाली. दात अजून वाजत होते. "मीच घेतली."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"अगं मग का?"

"त्यांचे हात बघ ना."

मी पाहिलं. पेल्यातलं पाणी अण्णांच्या मनगटावरून खाली ओघळत होतं.

"माझा ताप उतरला की त्यांना झोप लागते," ही म्हणाली. "लहानपणापासून. एवढंसं तर मागतात."

मला तिचा भयंकर राग आला. आणि त्या क्षणी ती मला जितकी आवडली, तितकी कधीच आवडली नव्हती. दोन्ही एकदम झालं, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टरीण आली. तिनं कुणाला बोल लावला नाही. अण्णांना सगळ्या पट्ट्या टेबलावर ठेवायला सांगितल्या, एकेक उलटून वाचली. "आता थांबण्यात अर्थ नाही," म्हणाली. "अंदाजानं जोरदार औषधं सुरू करते, आणि शस्त्रक्रियेवाल्यांना बोलावते. झडप बदलावी लागेल." अण्णा हात जोडून उभे होते. तिच्या ते लक्षात आलं नाही, किंवा तिनं मुद्दाम पाहिलं नसेल.

शस्त्रक्रियेची तयारी चालली होती. सकाळी नर्स हिचे केस विंचरत होती, मी बाजूला बसून ठमीचे पराक्रम सांगत होतो. ठमीनं वर्गातल्या बाईंना "आरशात न बघता वळू नका" म्हणून दम दिला होता. ही हसायला लागली आणि हसता हसता तिचं तोंड एका बाजूला ओघळलं. झडपेवर लोंबकळणाऱ्या त्या जंतूंच्या गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता.

धावपळ झाली, तिला आत नेलं, परत आणलं. मेंदूचे डॉक्टर पलंगाशी उभे राहून सांगत होते, "उजवा पाय हलवा. हं, थोडासा. प्रयत्न करा." ती त्यांच्याकडे नुसती बघत होती. मला राहवलं नाही. मी वाकून तिच्या कानाशी जोरात म्हणालो, "मास्तरीण, ब्रेक!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ दाबले गेले, सगळा जीव ती त्या पायात ओतत होती. पाय तसाच पडून राहिला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी पायावरची चादर सारखी करत बसलो.

मेंदूला इजा झाल्यावर लगेच झडप बदलता येत नाही, आत रक्तस्राव होतो म्हणाले. थांबावं लागणार होतं. पण हिच्या हृदयाला तेवढा धीर नव्हता. झडप फाटली, छातीत पाणी भरलं, आणि आमची ही गेली. अण्णा तेव्हा बाहेरच्या बाकावर होते. मी त्यांना सांगायला गेलो नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

नंतर एकदा मी डॉक्टरणीला गाठून विचारलंच. त्या गोळ्या दिल्या नसत्या तर वाचली असती?

ती म्हणाली, "जंतू आधी सापडला असता. औषध आधी सुरू झालं असतं. पण तो तुकडा कधीही सुटू शकला असता. तुम्ही आलात त्याच दिवशीसुद्धा. खरंच माहीत नाही मला."

मला हो पाहिजे होतं, नाहीतर नाही. हो म्हणाली असती तर मी अण्णांना घराबाहेर काढलं असतं. नाही म्हणाली असती तर त्यांच्या गळ्यात पडून रडलो असतो. लिफ्टचा पत्रा उघडून जळकी तार दाखवता येते. इथे दाखवायला काहीच नव्हतं.

मग आम्ही एका घरात मुक्यासारखे राहायला लागलो. मी ताट वाढून ठेवायचो, ते जेवून ताट धुवून ठेवायचे. बोलणं काय ते ठमीमार्फत. त्यांनी सगळ्या गोळ्या टाकून दिल्या होत्या. सदऱ्याचा खिसा इतक्या वर्षांच्या ओझ्यानं सैल झालेला, तो आता रिकामा लोंबायचा. गल्लीत कुणी डोकं दुखतंय म्हणून आलं, तर ते दार लावून घ्यायचे.

एके दिवशी ठमी शाळेतून आली ती तापानं फणफणलेली. मी तिला पलंगावर झोपवलं, सकाळी उठल्याबरोबर डॉक्टरांकडे नेऊ म्हणालो. अण्णा दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला, खिशात चाचपडला आणि बाहेर आला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले.

"आजोबा," ठमी म्हणाली, "कपाळावर हात ठेवा ना. आई म्हणायची, तुमचा हात गार असतो."

अण्णा हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला विचारून ताप उतरवला नाही, तो माझी परवानगी मागत होता.

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. तिला हात लावू नका. ते इतके दिवस मी आत धरून ठेवलं होतं, आणि ते बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी ते गिळलं. सोपं गेलं नाही.

"या, अण्णा," मी म्हणालो. "ताप राहू द्या. पण हात ठेवा."

ते आले, पलंगाच्या कडेला टेकले, आणि त्यांनी ठमीच्या कपाळावर हात ठेवला. ठमीनं डोळे मिटले. अण्णांच्या दाढीच्या खुंटांतून पाणी वाहत होतं. मी त्यांच्या समोर, पलीकडच्या बाजूला बसलो. ताप चढत होता. आम्ही दोघंही काही करत नव्हतो.

बऱ्याच वेळानं माझ्या पोटरीत कळ आली. मी खाली बघितलं. माझा उजवा पाय फरशी दाबत होता, सगळा जोर लावून.