मावशीचा खोकला

बायकांच्या तुरुंगात तिला सगळ्या जणी कंडक्टर म्हणत. आत येण्यापूर्वी चौदा वर्षं ती बसमध्ये तिकिटं फाडत होती. एकदा भांडण झालं आणि रागाच्या भरात तिने एका माणसाला चालत्या बसच्या दारातून ढकललं. तो पुन्हा उठला नाही. शिक्षेचं आता पाचवं वर्ष चालू होतं.

दवाखान्यातल्या सिस्टरने बराकीतून सहा जणी निवडल्या, त्यात ती होती. "माझं बोलणं बायका या कानाने ऐकतात, त्या कानाने सोडतात," सिस्टर म्हणाली. "तुम्ही त्यांच्यातल्याच. तुमचं ऐकतील." क्षयरोग कसा पसरतो, खोकला किती दिवस टिकला की तपासायचा, गोळ्या मधेच का सोडायच्या नाहीत, हे सगळं तिने आठ दिवसांत शिकवलं.

शिकून झाल्यावर पहिल्याच दिवशी कंडक्टर सिस्टरने दिलेला तक्ता घेऊन बराकीच्या मधोमध उभी राहिली. "क्षयरोग हा जिवाणूंमुळे होणारा संसर्गजन्य आजार असून..." एवढं वाचलं, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "पुढे सरका, पुढे सरका!" अख्खी बराक हसली. तिने तक्ता गुंडाळला आणि गुपचूप जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने तक्त्याला हातच लावला नाही. नळाच्या रांगेत, कपडे वाळत घालताना, कुणाच्या डोक्यातल्या उवा काढताना ती नुसत्या गप्पा मारायची. गप्पा मारायच्या म्हणजे ऐकूनही घ्यावं लागतं. तसं ऐकता ऐकता तिच्या लक्षात आला मावशीचा खोकला.

मावशी स्वयंपाकघराची मुख्य. पन्नाशीची, आवाज खणखणीत. दोनशे जणींचं जेवण तिच्या देखरेखीखाली शिजायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, "धुराचा ठसका गं." पण स्वयंपाकघरात गॅस होता, धूर कुठून येणार? शिवाय तिचे कपडे खांद्यावरून ओघळायला लागले होते.

कंडक्टरने तिला भांडी घासायच्या मोरीपाशी एकटीला गाठलं.

"मावशी, किती दिवस झाले खोकल्याला?"

"तू काय डॉक्टर लागून गेलीस?" मावशीने पातेलं आपटलं. "आठ दिवस शिकली नाहीस तोच निघालीस मला तपासायला!"

कंडक्टर हलली नाही. शेजारी बसून तिने एक परात पुढे ओढली. "मलाही क्षय झाला होता," ती म्हणाली. हे तिने आत कुणालाच सांगितलं नव्हतं, सिस्टरलासुद्धा. "बसवर होते तेव्हा. ड्युटीवरून काढतील म्हणून चार महिने लपवला. धाकटी बहीण माझ्याच खोलीत झोपायची. मी बरी झाले, तिचं एक फुप्फुस कायमचं गेलं."

मावशीचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

"स्वयंपाकघर काढून घेतील माझं," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि लेक येते दर महिन्याला, नातीला घेऊन. तिला कळलं तर येईल का ती?"

"स्वयंपाकघर काढतील, निदान काही महिने. खोटं कशाला सांगू? लेकीचं मला माहीत नाही. पण नातीला मांडीवर घेतेस ना?"

मावशी पातेलं तसंच टाकून उठून गेली.

तीन दिवस कंडक्टरचा जीव टांगणीला लागला. सिस्टरला नाव सांगावं, तर यापुढे कुणी आपल्यापाशी तोंड उघडणार नाही. न सांगावं, तर रोज त्याच बंद खोलीत सगळ्या जणी श्वास घेतात. चौथ्या सकाळी मनाशी ठरवून ती सांगायला निघाली, तर दवाखान्याच्या दारात मावशी आधीच उभी. हातात थुंकी तपासायची डबी.

"बघतेस काय?" मावशी खेकसली. "उभी राहा इथे. एकटीला नाही जमायचं."

तपासणीत क्षयरोग निघाला. मावशीला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि इकडे बराकीत कालवा झाला. "आम्हाला रोगाचं जेवण घातलं!" म्हणत दोघींनी तिचं अंथरूण दाराबाहेर फेकलं.

कंडक्टरने मग बसमधला आवाज काढला. "ताटातून होत नाही तो! हवेतून होतो. आणि थंडी वाजते म्हणून खिडक्या कोण लावून घेतं? तुम्हीच ना?" अंथरूण उचलून तिने स्वतः उन्हात टाकलं. "उद्या सगळ्यांची तपासणी. पहिली मी."

आणखी एक जण सापडली. विशीतली पोर, खोकलाही फारसा नव्हता.

महिनाभर मावशी कंडक्टरशी बोलली नाही. स्वयंपाकघर गेलंच होतं. कंडक्टर रोज गोळ्या घेऊन जायची. मावशी भिंतीकडे तोंड करून गिळायची.

भेटीच्या दिवशी मावशीने तोंडाला फडकं बांधून, लांबूनच लेकीला सगळं सांगितलं. लेक पोरीला उचलून निघून गेली. पुढच्या महिन्यात कुणीच आलं नाही.

"म्हटलं होतं ना मी?" मावशी म्हणाली. इतक्या दिवसांतलं हे तिचं पहिलं बोलणं. भेटीची वेळ संपेपर्यंत कंडक्टर तिच्याजवळ बसून राहिली.

त्याच्या पुढच्या महिन्यात लेक आली. तिने स्वतःची आणि पोरीची तपासणी करून घेतली होती, दोघी ठणठणीत होत्या. आधी यायची भीती वाटत होती, हे तिने कबूल केलं, आणि दोघी मायलेकी रडल्या.

त्यानंतर काही दिवसांनी विशीतल्या पोरीने गोळ्या नाकारल्या. मळमळतं म्हणाली, सिस्टरलाही जुमानेना. कंडक्टर समजवायला गेली, तर मावशी आधीच तिच्या पुढ्यात मांडी घालून बसलेली.

"मलाही मळमळायचं," मावशी तिला सांगत होती. "आधी दोन घास खा, मग गोळी. घे. मी इथून उठत नाही."

पोरीने नाक मुरडत गोळी तोंडात टाकली.