मुठीच्या आतली बाजू

"तीन वर्षं चांगला चालला, मिस्त्री. परवा हातातून दगडावर पडला आणि मूठ तडकली," असं म्हणत माळ्याने कलमं करायचा घडीचा चाकू टेबलावर ठेवला.

"लाकूड तडकेल, पण माझी पिन हलणार नाही," मिस्त्री म्हणाले. चाकूंना मुठी बसवण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, हे ऐकवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाचा चाकू हातात घेत नसत. बायको मागे बसून दुसऱ्या एका मुठीला तेल चोळत होती. पॉलिशचं काम तिचं. ही बढाई तिने इतक्यांदा ऐकली होती, की तिने मानही वर केली नाही.

माळी तासाभराने येतो म्हणून गेला. मिस्त्रींनी पिना ठोकून काढल्या आणि तडकलेली लाकडी पट्टी सोडवली. आतल्या पत्र्यावर कानशीने केलेली त्यांची नेहमीची खूण होती. काम त्यांचंच होतं. मग त्यांनी पट्टी उलटी केली.

आतून दोनाऐवजी तीन भोकं होती. तिसरं तिरकं गेलेलं, पत्र्यातल्या भोकाशी न जुळणारं, आगकाडीचा तुकडा आणि सरस घालून बुजवलेलं. त्याला खेटून नवं, सरळ भोक. बाहेरून सगळं पिनेच्या डोक्याखाली झाकलेलं. घरातल्या खुर्चीचं सैल झालेलं भोक बायको अस्संच बुजवायची.

"हे तू केलंस?"

तिने पट्टीकडे पाहिलं, फडकं बाजूला ठेवलं. "हो."

"तीन वर्षांपूर्वी?"

आपला हात थरथरतो हे मिस्त्रींना या हिवाळ्यात कळलं होतं. तेही त्यांनी तिच्यापासून लपवलं होतं. हल्ली तिची पाठ वळल्याशिवाय ते चहाचा कप उचलत नसत.

"पॉलिशला आला तेव्हा पट्टी हलत होती," ती म्हणाली.

"असे किती?"

"जाऊ द्या ना."

"सांग."

"आधी एखाददुसरा. गेल्या वर्षभरातले सगळे."

सगळे. आणि वर्षभर आपण हिच्यासमोर बसून गिऱ्हाइकांपुढे मिरवत होतो. शरमेने त्यांचे कान तापले.

"मग गप्प का बसलीस?"

"बोलले असते तर तुम्ही या स्टुलावर पुन्हा बसला असता?"

मिस्त्री स्टुलावरून उठले. "बस," म्हणाले.

ती बसली. तिने नव्या पट्ट्यांना भोकं पाडली, दोन्ही सरळ. पिना ठोकण्याआधी त्यांनी कानस तिच्या हातात दिली आणि पत्र्यावर आपल्या जुन्या खुणेशेजारी तिची खूण करायला लावली.

माळ्याने येऊन चाकू दोनदा उघडला, मिटला, मुठीवरून अंगठा फिरवला. "मिस्त्री, तुमचा हात धरणारं खरंच कुणी नाही."

"मूठ हिने बसवलीय."

माळी मनापासून हसला. मिस्त्री थट्टेखोर म्हणून प्रसिद्धच होते.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, माळ्याला दिसतील असे, आणि थरथरू दिले.