तृप्तीची उपकारस्तुती

आमच्या लालबागच्या चर्चमध्ये बाळंतीण चाळीस दिवसांनी पहिल्यांदा उपासनेला आली, की सगळ्यांसमोर उभी राहून एकटीने मरियेचं गीत गाते. येशू पोटात असताना मरियेने केलेली ती देवाची उपकारस्तुती. गीत संपलं की आई बाळाचं नाव सांगते, आणि सासू सगळ्यांच्या आधी म्हणते, "देवाचे आभार." मग सारी मंडळी म्हणते.

पोरींना हे गीत शिकवायचं काम तीस वर्षं माझ्याकडे आहे. चाल चुकली की मी कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून मालूबाई फटकळ, असं सगळे म्हणतात. माझ्या सुनेकडून, तृप्तीकडून, मी ते सातव्या महिन्यातच पाठ करून घेतलं. घाई नडली म्हणा. मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला.

त्यानंतर घरात कुणी त्याचं नाव काढेना. तिला त्रास नको म्हणून मीच त्याची झबली उचलून देडतलाईला बहिणीकडे पाठवली. चाळिसाव्या दिवसानंतरच्या रविवारी गीत नको, असंही पाळकसाहेबांना परस्पर सांगून टाकलं. माझ्या मुलाने, नीलेशने, ते तिच्या कानावर घातलं.

ती स्वयंपाकघरात आली. "मम्मी, सब लोग असे वागतात जैसे काही झालंच नाही," ती म्हणाली. "नऊ दिवस मी आई होती ना? मग मला गाऊ द्या."

मी तिला वेड्यात काढलं. आभार कशाचे मानणार आहेस, असं तोंडावर विचारलं. ती निघून गेली. त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

रविवारी ती रिकाम्या हातांनी पुढे जाऊन उभी राहिली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. तिने सुरुवात केली. देवाने आपल्यासाठी मोठी कामं केली, ही ओळ आली तेव्हा तिचा आवाज फाटला, पण चाल तिने कुठे सोडली नाही.

"त्याचं नाव शमुवेल आहे," ती म्हणाली.

आता मी बोलायचं होतं. देवाचा भयंकर राग आला होता. तृप्ती माझ्याकडे बघत उभी होती. माझ्या शब्दावाचून तिला खाली बसता येत नव्हतं.

"देवाचे आभार," मी म्हणाले. मागून मंडळी म्हणाली. तृप्ती तिथेच रडू लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

ते आभार मी तिच्यासाठी मानले. देवाशी मी अजून बोलत नाही.